घरच्या अकूस्टिक रेकॉर्डिंगसाठी पहिली बेस गिटार: कोणती घ्यावी, काय तपासावं?

कृष्णाकाठ
मंडळी, सल्ला हवाय. सांगलीत विश्रामबागेत आम्ही दोघी बहिणी घरीच रेकॉर्डिंग करतो. मी अकूस्टिक गिटार वाजवते, ती गाते. भावगीतं, अभंग, काही स्वतःच्या चाली. कधी तबला असतो, एरवी फक्त गिटार आणि तंबोरा. तिची पट्टी काळी चार. पुरुष गायक असला तर बहुधा काळी एक. सामान म्हणजे दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद कपांचे हेडफोन, लॅपटॉप. खोली १० बाय १२ फूट.

गाण्याला खालून आधार नाही असं वाटतं, म्हणून बेस घ्यायचाय. सगळं मिळून २५ हजार. प्रश्न असे: आपलं संगीत अकूस्टिक, तर बेसही अकूस्टिकच घ्यावा का? काळी एकसाठी पाच तारांचा लागेल का? माझे हात लहान आहेत, तर शॉर्ट स्केल (आखूड तारांचा) बरा का? अँप लागतो का?

चौथी_तार
ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे वाचतात. रेकॉर्डिंगला अँप लागत नाही. बेसची केबल थेट इंटरफेसमध्ये, ऐकायला हेडफोन. अँपचे पैसे सेटअप (बेसची जुळणी) आणि तारांकडे वळवा.

अकूस्टिक बेस नको. बेसची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झला वाजते, म्हणजे गिटारच्या जाड ई तारेच्या (८२.४) बरोबर एक सप्तक खाली. एवढा खालचा सूर हवेत नीट पोचवायला डबल बेसएवढं मोठं पोट लागतं. गिटारच्या पोटातून मूळ सूर फार थोडा निघतो, वरचे हार्मोनिक्स तेवढे ऐकू येतात.

दुसरी अडचण तुमच्या खोलीची. १२ फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झ घुमतो आणि १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६. ई तारेचा दुसरा फ्रेट (मानेवरची आडवी पट्टी) ४६.२ हर्ट्झ, मोकळी ए तार ५५. माइकने रेकॉर्ड केलंत तर नेमके हे दोन सूर फुगतील आणि शेजारचे बसतील. मिक्समध्ये ते पूर्ण सावरता येत नाही. इलेक्ट्रिक बेस थेट जोडला की खोलीचा संबंधच तुटतो.

खर्जाचा_नाद
सहमत. पाच तारांचं मी सांगतो.

काळी एक म्हणजे सी शार्प. चार तारांच्या बेसवर हा षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, ६९.३ हर्ट्झला. पुरुषांच्या काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज याच जागी असतो. त्याच्या खालचा पंचम (जी शार्प, ५१.९) ई तारेच्या चौथ्या फ्रेटवर. म्हणजे षड्ज आणि खालचा पंचम दोन्ही हाताशी आहेत. आणखी एक सप्तक खालचा षड्ज ३४.६ हर्ट्झला येतो, त्यालाच पाचवी तार लागते. तो सूर फोनवर आणि घरातल्या बहुतेक स्पीकरवर ऐकूच येत नाही, अकूस्टिक गाण्यात चिखल मात्र करतो. चार तारा पुरे.

काळी चारला षड्ज ई तारेचा चौथा फ्रेट. तिथून सरळ पुढच्या तारेवर, त्याच फ्रेटला मध्यम. पुढच्याच तारेवर दोन फ्रेट वर पंचम, आणि त्याच फ्रेटला त्याच्या पुढच्या तारेवर वरचा षड्ज. काळी एकला हीच आकृती ए तारेपासून सुरू करायची. मोकळी तार लागत नाही, त्यामुळे पट्टी बदलली तरी बोटं तीच.

एक लक्षात ठेवा. गिटारला तुम्ही पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून सी चे आकार धरता, तेव्हा वाजतो सी शार्प. बेसला कॅपो नाही, त्यामुळे बेसवर खरा सूरच वाजवायचा. कागदावर कॉर्ड लिहिताना दोन ओळी ठेवा, एक गिटारच्या आकारांची, एक खऱ्या स्वरांची.

अजिंक्यतारा
हातांबद्दल. लांब स्केल ३४ इंच. त्यात नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) पहिल्या फ्रेटपर्यंतचं अंतर साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर. ३० इंची शॉर्ट स्केलमध्ये ते पावणेत्रेचाळीस. साडेपंचवीस इंची गिटारवर छत्तीस. गिटारची सवय असलेल्या लहान हाताला ३० इंची बेस पहिल्या दिवसापासून बसतो. तुम्हाला घरी एकेक गाणं रेकॉर्ड करायचंय, स्टेजवर तीन तास उभं राहायचं नाही. शॉर्ट स्केल घ्या. त्याचा गोल, जरा मऊ आवाज अकूस्टिक गिटारखाली छान बसतो.

चौथी_तार
इथे माझं मत वेगळं आहे. शॉर्ट स्केलमध्ये ई तारेचा ताण कमी पडतो. नवशिक्याने जोरात छेडली की सूर सुरुवातीला वर चढून मग खाली येतो. शेजारी तंबोरा असेल तर तो अर्धा क्षणसुद्धा बेसूर कळतो. शिवाय शॉर्ट स्केलच्या तारा आपल्याकडच्या दुकानांत चटकन मिळत नाहीत, मागवाव्या लागतात.

लांब स्केलवर हात ताणायची गरजच नाही. पहिल्या पाच फ्रेटमध्ये तर्जनी, मधलं आणि करंगळी एवढीच बोटं वापरा. अनामिका करंगळीला टेकू देते. डबल बेसवाले असंच धरतात. आणि वर दिलेली आकृती चौथ्या फ्रेटपासून सुरू होते, तिथे अंतर आपोआप कमी झालेलं असतं.

अजिंक्यतारा
ताणाचा मुद्दा खरा आहे. शॉर्ट स्केल घेतलात तर ई तारेची जाडी १०५ च्या (इंचाचे हजारावे भाग) खाली जाऊ देऊ नका, आणि हलक्या हाताने छेडा. पण दुकानात दोन्ही दहा-दहा मिनिटं मांडीवर घेऊन बसल्याशिवाय ठरवू नका. बसून वाजवताना लांब स्केलची मान डावीकडे झुकते. तो भार मनगटावर येत असेल तर बसतानाही पट्टा लावा.

तीन_पिन
स्केल काहीही घ्या, पिकअप (तारांखालचं चुंबक आणि तारेचं वेटोळं) मात्र बघून घ्या. आपल्याकडच्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो, आणि घरच्या रेकॉर्डिंगचं पहिलं दुखणं म्हणजे गुणगुण.

प्रिसिजन पद्धतीचा पिकअप दोन तुकड्यांत असतो. फेंडरने १९५७ पासून तसा दिला. दोन तुकडे एकमेकांची गुणगुण मारतात. जाझ पद्धतीचे दोन पिकअप दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले तर बहुधा शांत, एक कमी केला की गुणगुण सुरू. म्हणून पीजे घ्या: मानेकडे प्रिसिजन, ब्रिजकडे (पोटावरची घोडी) जाझ. रेकॉर्डिंगला मानेकडचा पूर्ण, ब्रिजकडचा बंद. शॉर्ट स्केलमध्ये काही स्वस्त मॉडेलना एकच सिंगल कॉइल असते, ती तुमच्या खोलीत त्रास देईल.

आणि पॅसिव्ह घ्या. अ‍ॅक्टिव्हमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते, केबल खोचून ठेवली की ती संपत राहते, आणि उतरलेली बॅटरी ऐन टेकमध्ये आवाज फाडते.

कृष्णाकाठ
पीजे, पॅसिव्ह, चार तारा, हे पक्कं. मॉडेल सांगाल का? आणि कोल्हापुरात एक वापरलेला मिळतोय, तो बघायला जाणार आहे. काय तपासू?

चौथी_तार
नव्यात लांब स्केलमध्ये यामाहा टीआरबीएक्स १७४, स्क्वायर अ‍ॅफिनिटीचा पीजे आणि कॉर्टचा अ‍ॅक्शन पीजे बघा. शॉर्टमध्ये आयबानेझ टॅलमन टीएमबी ३०, तो ३० इंची. त्याहून छोटा आयबानेझ मिक्रो २८.६ इंची, पण तिथे ई तार फारच सैल लागते, तंबोऱ्याबरोबर नको. भाव दर महिन्याला हलतात. बेसवर बजेटचा दोनतृतीयांश भाग खर्च करा, बाकी सेटअप, तारा, चांगली केबल आणि पट्टा यांना ठेवा. पाच-सहा हजारांच्या 'सगळं पॅकेज'च्या नादी लागू नका. त्यांच्या खुंट्या सूर धरत नाहीत.

वापरलेला बघताना, ट्यूनर आणि हेडफोन अँप बरोबर न्या.

बेस उभा धरून, खुंट्यांची बाजू वर करून मानेवरून ब्रिजकडे बघा. दोन्ही कडा सारख्या वळल्या पाहिजेत. एक कडा वर, एक खाली असेल तर मान पिळलेली आहे. असा बेस सोडून द्या. ती ट्रस रॉडने (मानेच्या आतली लोखंडी कांब) सुटत नाही.

मग ट्रस रॉडचं आवळायचं टोक बघायला मागा. अ‍ॅलन की नीट बसते का, कोपरे घासलेत का. विकणाऱ्याच्या परवानगीने एक अष्टमांश फेरी सैल करून परत घट्ट करा. हलतच नसेल किंवा शेवटापर्यंत आवळलेलं असेल तर पुढे उपाय उरत नाही.

त्यानंतर जी तारेवर चौथ्यापासून नवव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर छेडून सोडा आणि किती वेळ टिकतो ते ऐका. बोल्टने जोडलेल्या मानेच्या बेसमध्ये या भागात एखादा सूर लवकर मरतो, त्याला डेड स्पॉट म्हणतात. थोडा असतोच. पण तो तुमच्या वरच्या षड्जावर, म्हणजे काळी एकच्या सहाव्या फ्रेटवर येत असेल तर नको.

व्हॉल्यूम-टोन फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. जॅक सैल असेल तर नवा बसवणं फार खर्चाचं नाही. फ्रेटवर तारेखाली खड्डे दिसले तर नखाने चाचपा. नख अडकत असेल तर फ्रेट घासून द्यावे लागतील, तेवढी किंमत कमी करून मागा.

मिरज_खुंटी
यात एक भर. मोकळी तार छेडली की सतारीसारखा झणत्कार येतो, आणि फ्रेट दाबला की जातो, असं झालं तर दोष नटच्या खाचेत आहे. सतारीच्या घोडीवर कारागीर पृष्ठभाग हळूहळू उतरता घासतो, तार त्याला चाटून जाते, तीच जवारी. बेसच्या नटला याच्या नेमकं उलट हवं. खाचेचा सर्वांत उंच बिंदू फिंगरबोर्डच्या कडेला, तिथून मागे खुंट्यांकडे उतार. खाच सपाट झाली किंवा उंच बिंदू मागे सरकला की बेसमध्ये जवारी शिरते.

मिरजेतल्या तंतुवाद्य कारागिराला हे 'मोकळ्या तारेत जवारी निघतेय, ती बंद करायचीय' एवढ्या शब्दांत सांगा. नेमकं कळतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांच्या कामामुळे. फक्त आधी विचारून घ्या की बेसच्या जाडीची कानस आहे का. ई तार २.६७ मिलिमीटर जाड असते, बारीक कानशीने तिची खाच गोल होत नाही, इंग्रजी व्ही सारखी होते आणि तार अडकून टुणकन सुटते.

खाच खोल झाली असेल तर हाडाचा नवा नट करून घ्या. सुपर ग्लू आणि हाडाची भुकटी भरून चालढकल होते, पण जाड तारेखाली ती टिकत नाही.

चौथी_तार
सेटअप घरी करता येतो. सामान: अ‍ॅलन की, स्टीलची पट्टी (अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची) आणि फीलर गेज. फीलर गेज मोटारसायकलच्या स्पेअरच्या दुकानात मिळतं, टॅपेट सेट करायचं तेच.

क्रम बदलू नका, कारण पुढची प्रत्येक गोष्ट मागचीवर अवलंबून आहे.

१. नव्या तारा घालून नेमक्या सुरात आणा: ई, ए, डी, जी. तारांचा ताण नसताना मापं घेतली तर सगळी चुकतात.

२. मानेचा बाक. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान पोटाला मिळते त्या फ्रेटवर, दोन्हीकडे एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत ०.३० मिलिमीटर फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा. एका वेळी एक अष्टमांश फेरी, पुन्हा सूर लावायचा, रात्रभर ठेवायचा, मग मोजायचं. लाकूड लगेच उत्तर देत नाही. घाईत अर्धी फेरी दिली की सकाळी तारा फ्रेटवर टेकलेल्या सापडतात.

३. तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४, जी तारेखाली २ मिलिमीटर. ब्रिजवरच्या सॅडलच्या (तार टेकते तो छोटा तुकडा) छोट्या स्क्रूंनी. उंची कमी करायचा मोह होतो, पण रेकॉर्डिंगमध्ये तारेची खडखड हेडफोनला लगेच कळते.

४. इंटोनेशन. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि बारावा फ्रेट दाबून आलेला सूर सारखे हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. सरकवण्याआधी तार सैल करा, नाहीतर स्क्रूचे आटे जातात.

५. पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून ई कडे सुमारे २.८, जी कडे २ मिलिमीटर. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो.

सज्जनगड_पायथा
साताऱ्याकडून एक सूचना. जून संपता संपता आणि पुन्हा ऑक्टोबरात बाक मोजाच. हवेतला ओलावा बदलला की मान हलते, मग सगळी उंची बिघडते. पावसाळ्यात बेस भिंतीवर टांगू नका, आमच्याकडे भिंतीच पाणी सोडतात. बॅगेत १०० ग्रॅम सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की लोखंडी तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं. तारा वाजवून झाल्यावर सुती फडक्याने पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा.

कृष्णाकाठ
कोल्हापूरचा बेस घेतला. लांब स्केलचा पीजे, मान सरळ, डेड स्पॉट पाचव्या फ्रेटवर किंचित. इंटरफेसला जोडल्यावर गुणगुण येते, तारांना हात लावला की कमी होते. आणि आवाजही काहीसा मंद, घोंगडीखालून आल्यासारखा.

तीन_पिन
आवाज मंद असण्याचं कारण बहुधा इनपुट. इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा 'हाय-झेड' बटण असतं, ते दाबा. पॅसिव्ह पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट त्याहून फार कमी ओहमचा असतो, तो वरचे सूर खाऊन टाकतो. ४८ व्होल्टचं बटण बेसला लागत नाही.

गुणगुणीचं: हात लावल्यावर कमी होते म्हणजे बेसमधली ब्रिजची ग्राउंड वायर ठीक आहे. तुमचं शरीर आसपासच्या वायरिंगची गुणगुण उचलतं आणि तारेला हात लागला की ती ग्राउंडला जाते. आता एकेक करून काढत जा.

लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण गेली तर दोष चार्जर किंवा अर्थिंगचा. तोपर्यंत बॅटरीवर रेकॉर्ड करा.

खुर्ची जागेवर गोल फिरवा. एका दिशेला गुणगुण कमी होत असेल तर ती चुंबकीय आहे, अडॅप्टर किंवा स्टॅबिलायझरमधून येतेय. त्यापासून दोन मीटर लांब बसा.

पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमरवाले दिवे बंद करून बघा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालू असाल तर थांबा. स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते, ५० हर्ट्झच्या पटींची भुणभुण बेसच्या बरोबर मधोमध बसते आणि नंतर काढता येत नाही.

एवढं करूनही राहिली तर इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगचा खड्डा बघावा लागेल. गुणगुण घालवायला अर्थची पिन तोडू नका. काही लोक तसं सुचवतात. बेसच्या तारा धातूच्या आहेत आणि तुमचा हात त्यांवर आहे.

कृष्णाकाठ
हाय-झेडने आवाज उघडला. चार्जर काढल्यावर गुणगुण गेली. अर्थिंग तपासून घेते. आता वाजवायचं काय? प्रत्येक मात्रेला वाजवलं तर गाणं जड होतंय.

खर्जाचा_नाद
जड होतंय कारण सूर कुठे थांबवायचा ते ठरलेलं नाही. बेसमध्ये सुरू करण्याइतकंच थांबवणं महत्त्वाचं. अकूस्टिक गाण्यात तर जास्तच, कारण झाकायला ड्रम नाहीत.

तबला असेल तर डग्गा ऐका. केरव्यात धा गे ना ती, ना क धी ना. डग्गा घुमतो धा, गे आणि धी ला. बेस पहिल्या मात्रेला धा बरोबर लावा आणि गे च्या आधी डाव्या हाताचं बोट उचलून थांबवा. गे ची मींड मोकळी ऐकू आली पाहिजे. पाचवी मात्रा खाली आहे, तिथे डग्गा नाही, म्हणून तिथे पंचम हलका चालतो, तो सहाव्या मात्रेपर्यंत धरा आणि धी ला सोडा. दादऱ्यात पहिल्या मात्रेला षड्ज आणि चौथ्याला काहीच नाही, इथून सुरुवात करा. तबला नसेल तर तुमच्या गिटारचा अंगठा जिथे पडतो तिथे बेस नको, नाहीतर दोन खालचे सूर एकमेकांना ढकलतात. अंगठ्याचे आघात कमी करा किंवा बेसचे.

तंबोरा चालू असताना गंधार बेसवर लांब धरू नका. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार फ्रेटच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) उतरा असतो, खालच्या सप्तकात ते टोचतं. षड्ज-पंचम सुरक्षित, पंचमाचा फरक दोनच सेंट. आणि तंबोरा हाताने लावलेला असेल तर तो ४४० च्या मोजमापात असेलच असं नाही. आधी त्याचा षड्ज ट्यूनरवर बघा, तेवढं कॅलिब्रेशन बदला, मग गिटार आणि बेस दोन्ही त्यावर लावा.

चौथी_तार
रेकॉर्डिंगचे आकडे देतो. आधी गिटार आणि गायन, बेस नंतर. २४ बिट, सर्वांत जोरातला सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास. बफर १२८ सॅम्पल, लॅपटॉप अडखळला तर २५६.

मिक्समध्ये गिटारचा ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. तिथे माइकला लागलेली थाप आणि खोलीचा घुमाराच असतो. बेसचा ३० च्या खालचा कापा. कॉम्प्रेसर (जोरातले सूर दाबणारा) ४:१, अटॅक २५ मिलिसेकंद, रिलीज १००, काटा तीन-चार डेसिबल हलला की पुरे. अटॅक फार लहान ठेवला तर बोटाचा स्पर्श मरतो.

फोनवर बेस गायब होतो म्हणून त्याचा आवाज वाढवू नका. फोनचा स्पीकर हे खालचे सूर वाजवतच नाही. थोडं सॅच्युरेशन (हलकी फाट) द्या, त्याने ६९ च्या सुराचे १३८, २०७ असे वरचे हार्मोनिक्स ठळक होतात आणि कान त्यावरून खालचा सूर ओळखतो. ८०० हर्ट्झला दोन डेसिबल वाढवलं तर बोटही ऐकू येतं.

अजिंक्यतारा
आणि तारा बदला. दुकानातून येतात त्या राउंडवाउंड (गोल तारेचा वेढा), त्यांवर बोट सरकलं की किंचाळतात. हळू गाण्यात प्रत्येक सरक ऐकू येते. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचा वेढा) गुळगुळीत, आवाज गोल आणि छोटा. महाग आहेत, पण वर्षानुवर्षं चालतात आणि पावसाळ्यात लवकर खराब होत नाहीत. तोवर घरातला स्पंज घ्या, एक सेंटिमीटर जाडीची पट्टी कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. सूर आपोआप आखूड होतो, खर्जाचा_नाद म्हणतात ते थांबवणं निम्मं तिथेच होतं.

कृष्णाकाठ
फ्लॅटवाउंड ४५ ते १०५ मागवल्या. पहिल्यांदाच बेसच्या तारा घालणार आहे, काही खबरदारी?

मिरज_खुंटी
एकेक तार बदला, चारही एकदम काढू नका, म्हणजे मान जागेवर राहते. तार खुंटीपर्यंत सरळ ताणा, खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर ठेवा. कापण्याआधी, जिथे कापायचं त्याच्या अलीकडे पक्कडीने काटकोनात वाकवा. न वाकवता कापली तर बाहेरचा वेढा आतल्या तारेवरून सैल सुटतो आणि तार कायमची मेल्यासारखी वाजते. वाकवलेलं टोक खुंटीच्या मधल्या भोकात खाली घालून दोन-तीन वेढे वरून खाली द्या. मग नटजवळ आणि सॅडलजवळ तार अंगठ्याने हलकी दाबून बसवा, सूर उतरेल, परत लावा. दोन दिवस सूर उतरत राहील. तो थांबला की बाक पुन्हा मोजा, कारण फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो.

कृष्णाकाठ
बाकाची फट आत्ता ०.३५ आहे, ही नोंद ठेवते. तारा घातल्यावर तिसऱ्या दिवशीचं माप इथेच टाकते.